कमीत कमी उजेड

९ जुलै
लॅबमध्ये पॅनल क्र. ४१ लागलं. तळहाताएवढं, आणि एकही काळा डाग नाही. या दमट हवेनं आधीची तीन खाल्ली. पण या वेळी सीलबंद पेटीत, तिच्या जोडमोज्यांतून हात घालून, कडा चिकटवल्या त्या टिकल्या. बल्बसारखा डोळ्यात घुसत नाही हा उजेड. सगळी काचच उजळते, सायीसारखी. वीज तर नावाला लागते. बावीस वर्षं याच्यामागे गेली.
विभागाचे सर आले, बघितलं, म्हणाले, "बढ़िया है वीणा जी, पर घर की रोशनी के लिए अब इसे कौन लेगा? सब मोबाइल के पर्दों में चला गया." जसं काही मला ठाऊकच नाही. साधे एलईडी गल्लोगल्ली मिळतात, माझी सेंद्रिय थरांची ओएलईडी काच कोणाला हवी. सप्टेंबरात दिल्लीची कमिटी. प्रोजेक्ट राहतो की बंद होतो ते तेव्हा.

११ जुलै
४१ घरी आणलं, सरांना सांगून. बाबांना ट्यूबलाइट सोसत नाही, चकाकते म्हणतात. महिनाभर पेपर वाचणंही बंद केलंय. "वाचण्यासारखं काही छापतात का हल्ली?"
पोथीवर लाकडी चौकटीत अडकवलं. बाबांनी वेदपाठशाळेत जन्मभर संहिता शिकवली, आता एक्याऐंशीव्या वर्षीही संध्याकाळी पोथी पुढ्यात घेऊन एक अध्याय होतोच. आज माझ्या दिव्याखाली. पान हातानं सारखं केलं. मग म्हणाले, "वा गं वीणे. अक्षर कसं मोत्यासारखं दिसतंय."
अख्खा अध्याय. एकदाही अडखळले नाहीत. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. भाजी करपली.

१९ जुलै
काल सुचलं. रोज उजेड थोडा थोडा कमी करायचा आणि कुठवर वाचता येतं ते टिपायचं. म्हातारे डोळे, कमीत कमी वीज. कमिटीपुढे ठेवायला याहून चांगलं काय असणार?
आज निम्म्यावर आणला. वाचलं. वेळ तेवढाच लागला.

२ ऑगस्ट
पाव उजेड. वाचलं.
नागपूरहून दादाचा फोन. "बाबांचे डोळे दाखवलेस का? मला म्हणाले, मधोमध काळं काळं येतं." मी म्हटलं, एवढी काळजी आहे तर ये आणि दाखव. फोन ठेवल्यावर बाबांना विचारलं. "तुझ्या दिव्यात दिसतंय की. डॉक्टर कशाला खामखा?"
डोळ्यांच्या डॉक्टरची १४ ची अपॉइंटमेंट होती, रद्द केली. त्या दिवशी ४२ आणि ४३ करायची आहेत, हे कारण. खरं कारण, ते वाक्य मला आवडलं. तुझ्या दिव्यात दिसतंय की. दिवसभर मनात घोळवत होते.

२२ ऑगस्ट
गंगा वर आलीय, रामघाटाच्या पायऱ्या बुडाल्या. गल्लीगल्लीतून मोठ्या रस्त्यापर्यंत जायचं म्हणजे रोजची चक्कर.
दहावा हिस्सा. वाचलं. त्या उजेडात मला पंचांगातली तिथी दिसेना. बाबा म्हणाले, सवयीचे डोळे आहेत. सरांना आलेख दाखवला तर पहिल्यांदाच चहा गार होऊ दिला. "ये तो कमाल है. यही स्लाइड सबसे पहले रखिए."
बाबा हल्ली माझ्याकडे तिरके बघतात. बोलताना मान वळवून, रागावल्यासारखे. विचारलं तर "छे गं". काल वाटीच्या शेजारी आमटी ओतून घेतली. माझ्यावर चिडले असणार, घरात असते कुठे मी.

६ सप्टेंबर
आज कसं लिहू.
लवकर सुटले. तिन्हीसांजेला घरी पोचले तर बाबांचा आवाज चालू होता, अध्याय अर्ध्यावर. खोलीत अंधार. पॅनलची वायर निघून लोंबत होती, सकाळी मीच घाईत खोचली होती. बाबा पोथीची पानं उलटत होते आणि म्हणत होते. पान, मग पुढचं पान. एकदा दोन पानं मिळून उलटली गेली. म्हणणं खंडलं नाही.
मी दारात उभी. पायरव ऐकला त्यांनी. थांबले, आणि मोठ्यानं म्हणाले, "वीणे, आजचा उजेड छान आहे हं."
मी म्हटलं, हो.

७ सप्टेंबर
सकाळी पेपर पुढ्यात धरला. मथळा दाखवून विचारलं, हे काय लिहिलंय? बाबा म्हणाले, आज नको, डोकं दुखतंय.
मग त्यांनी सगळं सांगितलं. आठव्या वर्षापासून संहिता मुखोद्गत आहे. पोथी आपली समोर असावी म्हणून. वैशाखापासून मधलं काही दिसत नाही, कडेचं दिसतं, म्हणून मान वळवायची. आणि मी राग समजत होते.
"मग बोलला का नाहीत?"
"तू किती हौसेनं आणलास तो दिवा. तुझं तोंड बघितलं असतंस त्या दिवशी. मला म्हणजे, दिसलं नाही नीट. पण आवाज ऐकला ना."
पाठशाळेच्या घरात जन्म माझा. मुलं बिनपोथीची धडाधड म्हणतात ते ऐकत मोठी झाले. माझ्यापुरती शाळा आणि फिजिक्स होतं, पाठ कोणी दिला नाही, पण कान तर होते. आणि परीक्षा घ्यायला मी त्यांना पोथी दिली. शास्त्रज्ञ म्हणे.

९ सप्टेंबर
नेत्रालय. तीन तास रांगेत, दहा मिनिटं आत. डावा गेला. डोळ्याच्या पडद्याखाली रक्त साकळून डाग पडला, तो आता निघत नाही. उजव्यात पाणी झिरपतंय, अजून थोडी आशा आहे. महिन्याला एक सुई, डोळ्यातच, पहिली उद्या. डॉक्टर तरुण आहे, नीट बोलतो. "एक महीना पहले भी ले आतीं तो..." मी मनात मोजलं. १४ ऑगस्ट.
दादाला फोन केला. पुढच्या सुयांच्या तारखा तेवढ्या लिहून घेतल्या. ओरडला असता तर बरं झालं असतं.
रागसुद्धा येतो बाबांचा, लिहूनच ठेवते. असलं कसलं प्रेम की ज्याच्यापायी मुलीला आंधळं ठेवायचं. आणि मग लगेच कळतं की आंधळं कोण झालंय. माझ्या आनंदासाठी त्यांनी डोळा घालवला आणि मी त्याचा आलेख काढला.

१८ सप्टेंबर
कमिटी झाली. ती स्लाइड काढून टाकली होती. सरांना आदल्या दिवशी सांगितलं, ते हळहळले, पण ठेवा म्हणाले नाहीत. दिल्लीच्या एका बाईंनी नेमकं विचारलं, "किसी बुज़ुर्ग ने इसमें पढ़कर देखा है?"
"देखा है."
"तो डेटा कहाँ है?"
"गलत निकला, मैडम."
त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि पुढचं पान उलटलं.
दिवा वाईट नाही. चांगला आहे का, तेही आता मला सांगता येत नाही. दुसऱ्या कोणा म्हाताऱ्याला वाचायला बसवायचं धाडस होत नाही.

६ ऑक्टोबर
पत्र आलं. मार्चअखेर प्रोजेक्ट बंद, मशीनं मोबाइलच्या पडद्यांवर काम करणाऱ्या गटाकडे जाणार. वाचलं आणि पर्समध्ये टाकलं. वाईट वाटेल म्हणून वाट बघितली, नीटसं वाटलंही नाही. आज दुसरी सुई होती ना.
बाबांना विचारलं, दुखलं? "मुंगी चावल्यासारखं." खुर्चीच्या दांडीवर बोटं पांढरी पडली होती, ती मी पाहिली. दिसतं का जरा? "हो, पहिल्यापेक्षा पुष्कळ." खिडकीच्या पडद्याचा रंग विचारला तर म्हणे, तू निवडलास तो.
त्यांचं एकही "हो" आता खरं धरता येत नाही. आणि तोंडावर तसं म्हणवतही नाही.

१९ ऑक्टोबर
४१ पिवळं पडत चाललंय. निळा थर आधी मरतो, हे ठरलेलंच. बाबा अजून त्याच्याच खाली बसतात, पोथी न घेता. मी म्हटलं, बंद करू का? म्हणाले, राहू दे, ऊब नसली तरी सोबत आहे. किती खरं, देव जाणे. पण मी शेजारी बसून राहिले. वीस मिनिटं तरी. त्यांना पेपरातल्या बातम्या वाचून दाखवल्या. एकदा वाचलेली बातमी त्यांनी जेवताना शब्दाला शब्द परत सांगितली, तारखेसकट. हसू आलं दोघांनाही. बऱ्याच दिवसांनी.

११ नोव्हेंबर
नेत्रालयातच लिहितेय, पर्समध्ये वही होती.
तिसरी सुई आठवड्यापूर्वी झाली. आज बघून ठरवायचं, पुढच्या सुया द्यायच्या की थांबायचं. डोळ्यातल्या पडद्याचा फोटो काढायचं मशीन दुरुस्तीला गेलंय, म्हणून सगळं भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यावर. आमच्याआधी तिघं होते. आम्ही तपासणीच्या खोलीच्या कापडी पडद्याअलीकडच्या बाकावर. आतून एकेकाचा आवाज येत होता, ओळीमागून ओळ, तोच तक्ता. बाबा मान खाली घालून बसले होते. मला वाटलं, डुलकी लागली.
मग आमचा नंबर. डावा डोळा झाकला. बाबांनी वरची ओळ वाचली. दुसरी, तिसरी, चौथी. डॉक्टर खूश. "वाह बाबूजी, इतना पढ़ लिया तो अगली सुई की ज़रूरत नहीं." माझे डोळे भरून आले. मग लक्षात आलं की प्रत्येक ओळीच्या शेवटी बाबा अर्धा श्वास थांबत होते, पाठ म्हणताना थांबतात तसे. आणि थांबले ते आधीच्या बाई थांबल्या त्याच ओळीवर. तिथे पुष्कळ जण थांबत असतील, तेही खरं.
डॉक्टरांनी लिहायला पेन उघडलं होतं. मी म्हटलं, "डॉक्टर साहब, कोई दूसरा चार्ट होगा?"
त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे. उठून शेजारच्या खोलीत शोधायला गेले. बाबा खुर्चीत तसेच, डोळ्यावर झाकण.
"एवढाही विश्वास नाही?"
"नाही, बाबा."
मी वही काढून हे लिहीत बसले. आता डॉक्टर गुंडाळलेला तक्ता घेऊन आलेत. बाबा माझ्या दिशेनं, सरळ, मान न वळवता म्हणाले,
"मग आधी तू वाचून दाखव वीणे. मोठ्यानं. एकदाच."
डॉक्टर खिळ्याला तक्ता अडकवतायत.