ओले पोते

नंदुरबार, १२ फेब्रुवारी १९६४

व्यापार वाढला, तरी माझ्या मिरचीच्या गोदामात पोती थप्पीवर चढवायला विजेवर चालणारा सरकता पट्टा कधी आणायचा, हे माझे तीन हंगाम ठरत नव्हते. दरवेळी म्हाताऱ्या हमालाची, सुकलाल आबांची, पाठ आठवायची. ओले पोते पाठीवर येताच त्यांना कळायचे. थप्पी कुजू नये म्हणून ते पोते बाजूला टाकायचे. पट्ट्याला कसे कळणार?

आज थप्पी मधूनच कुजलेली निघाली. आत एक ओले पोते गेले होते, आणि ते आबांनीच चढवले होते.

"भाऊ, मन्ही पाठले आते काही समजत नई," आबा म्हणाले. "तुम्हना पट्टा येऊ द्या. त्याले पाठच नई, मंग दुखाले काय?"

ते हसले. मला जमले नाही.

संध्याकाळी पट्ट्यासाठी पत्र लिहिले. तीन हंगाम मी त्या पाठीचा विचार केला. ती दुखते का, हे एकदाही विचारले नाही.