सिममधली मापं

सोमवार, १ सप्टेंबर

पुन्हा आला! सकाळपासून तिसरा मेसेज. "प्रिय ग्राहक, आपले जुने सिम १५ सप्टेंबरनंतर बंद होईल. त्वरित अपग्रेड करा." प्रिय म्हणे! बावीस वर्षं नंबर वापरते आहे, एकदा विचारलं नाही बाई जिवंत आहेस का म्हणून. आता एकदम प्रिय.

चांगलं चाललेलं सिम आहे. फोन येतो, फोन जातो. "पँटची उंची कमी झाली का?" "झाली, घेऊन जा." संपलं. एवढ्यासाठी अपग्रेड कशाला? पण नाही. धड चाललेलं काही दिसलं की यांचे हात शिवशिवतात.

हे म्हणाले, "जाऊन ये ना एकदा. फुकट आहे." ह्यांना फुकट मिळालं तर विषही चालेल.

मंगळवार, २ सप्टेंबर

गेले होते कंपनीच्या दुकानात. काचेचं दार, गार हवा, भिंतभर दात दाखवणारी माणसं. काउंटरवर एक हसरी बसलेली. सतत हसते. सर्व्हर बंद आहे सांगताना हसते, तुमचं टोकन चुकलं सांगताना हसते. पाऊण तास सर्व्हर बंद! मी कधी गिऱ्हाइकाला सांगितलं का, आज सुई बंद आहे, उद्या या म्हणून? नाचता येईना, अंगण वाकडं.

मग एकदाचा सर्व्हर उठला. हसरीने नंबर घातला, पडद्याकडे बघितलं. "मॅडम, हा नंबर तुमच्या नावावर नाहीये."

"बावीस वर्षं माझ्या दुकानात आहे."

"हो, पण नाव दुसरं आहे." आणि पडदा माझ्याकडे फिरवला.

वरचीचं नाव!

माझी मोठी जाऊ. वरच्या मजल्यावर राहते म्हणून वरची. इथे वहीतसुद्धा तिचं नाव लिहायची माझी इच्छा नाही. शिवणाचं दुकान दोघींनी मिळून काढलं तेव्हा नंबर घ्यायला तीच कागदपत्रं घेऊन रांगेत उभी राहिली होती. मोठेपणाची हौस, दुसरं काय! विसरूनच गेले होते मी. नऊ वर्षं आमच्यात बोलणं नाही, आणि हसरी म्हणते, "त्यांनी स्वतः यायला हवं. पंधराच्या आत. नाहीतर नंबर जाईल. नंतर दुसऱ्या कोणालाही मिळू शकतो."

पाटीवर रंगवलेला नंबर. पावतीवर छापलेला. अर्ध्या वस्तीला तोंडपाठ. तो उद्या कुठल्या तरी कोंबडीवाल्याला मिळणार आणि माझी गिऱ्हाइकं त्याला बाहीची लांबी सांगत बसणार!

बुधवार, ३ सप्टेंबर

डोकं चालवलं. लेकीने नवा फोन पाठवलाय, तो कपाटात तसाच पडून आहे. म्हटलं, अपग्रेड गेलं खड्ड्यात, जुनंच सिम नव्या फोनमध्ये घालू. तर खाच एवढीशी! नखाएवढी. जुनं सिम त्यापुढे पाटासारखं दिसतं.

तीस वर्षं कापड कापते आहे मी. एवढंसं सिम कापायला काय लागतं? खडूने खूण केली. शिवणीला जागा सोडायची नाही, हे लक्षात ठेवलं. कात्री लावणार, तेवढ्यात ह्यांनी हात धरला. "अगं, मापं आहेत त्यात!"

खरंच की. सगळी मापं सिममध्ये. वहीवर चहा सांडतो, पानं फाटतात, म्हणून ती पद्धत मीच काढली — गिऱ्हाइकाचा नंबर सेव्ह करायचा, आणि नावाला चिकटून माप. "दाढीवाला छाती ४४." "वकील कंबर ३६." हसणारे हसले. पण नंबर आणि माप एका जागी, शोधाशोध नाही. दोनशे अकरा माणसं आहेत त्यात. आज एका कात्रीत सगळी उघडी पडली असती.

ह्यांनी आयुष्यात एकदा वेळेवर तोंड उघडलं. पण तसं सांगितलं नाही, शेफारतील.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

हे काल दोनदा म्हणाले, आज तीनदा. "वहिनींना विचार ना." मी का विचारू? चूक कोणाची होती?

लिहूनच ठेवते एकदा. लग्नाचा कोट होता. मुलगा स्वतः भारी कापड घेऊन आला. माप मी घेतलं. छाती बेचाळीस. अजून टेप डोळ्यांसमोर आहे माझ्या — बेचाळीस! कोट कापायचं काम वरचीचं. कापताना फोन समोर उभा करून ठेवायची, एकेक आकडा बघून खडू मारायची. माझ्या तोंडी सांगण्यावर बाईंचा विश्वास नाही ना! आणि एवढं करून कापला चाळीसचा. लग्न दोन दिवसांवर, नवरदेव आरशासमोर, आणि बटण काजापासून तीन बोटं लांब. दुकानात चार गिऱ्हाइकं. त्याने काय काय ऐकवलं! "शिवता येत नसेल तर दुकान कशाला उघडलंत?" अजून कानात आहे.

हे तेव्हाही म्हणाले होते, "फोनमध्ये माप बघू या." मी म्हटलं, बघायचं काय त्यात, मला पाठ आहे. आणि वरची काय म्हणाली? "नको. राहू द्या भाऊजी. माझ्याच हातून झालं." म्हणजे कबूल! सगळ्यांसमोर! चोराच्या मनात चांदणं, म्हणून तर फोन बघायला नको म्हणाली.

मग मी बोलले. का बोलू नये? आठ दिवस बोलले. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. नवव्या दिवशी तिने आपली मोठी कात्री फडक्यात गुंडाळली आणि वर निघून गेली. तेव्हापासून दुकानात पाऊल नाही. चोर तो चोर, वर शिरजोर!

नवरदेवही पुन्हा आला नाही. कशाला येईल?

शनिवार, ६ सप्टेंबर

ह्यांना वर पाठवलं. अर्ध्या तासाने आले, चहा पिऊन, खुशीत. निरोप — "ज्याचं काम आहे त्याने तोंडाने सांगावं."

रविवार, ७ सप्टेंबर

तोंड आहे मला. तिच्यासाठी नाही, एवढंच.

सोमवार, ८ सप्टेंबर

कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन केला. एक दाबा, चार दाबा, परत एक दाबा. मग सतरा मिनिटं सनई-चौघड्यासारखं काहीतरी वाजत राहिलं, मी तेवढ्यात एक चेन बसवून घेतली. शेवटी एक माणूस आला. "मी आपली काय मदत करू शकतो?" सगळं सांगितलं त्याला. जावेपासून. कोटापासून. शांतपणे ऐकून घेतलं मेल्याने, आणि म्हणाला, "मॅडम, आपण नंबरधारकाशी संपर्क साधावा."

संपर्क साधता आला असता तर तुला कशाला फोन केला असता!

बुधवार, १० सप्टेंबर

पंधरा तारखेची वाटसुद्धा बघवत नाही कंपनीला. सकाळपासून फोनला रेंज नाही. दुपारी आली, पुन्हा गेली. संध्याकाळी हॉटेलवाला दारात. वीस खोल्यांचे पडदे द्यायचे होते त्याला. "सहा वेळा फोन केला बाई तुम्हाला. लागतच नाही. मला वाटलं दुकान बंद केलंत. दुसरीकडे देऊन टाकले."

दोन महिन्यांचं काम होतं. हे घरी बसल्यापासून घर या मशिनीवर चाललंय. भीती वाटली आज. खरंच भीती वाटली.

अडला हरी... जाऊ दे. लिहीत नाही ती म्हण.

गुरुवार, ११ सप्टेंबर

जिन्याला चौदा पायऱ्या आहेत. एकही चढले नाही! खालूनच हाक मारली. नऊ वर्षांत तो शब्द उच्चारला नव्हता. "वहिनी!"

दार उघडलं. कठड्याला धरून उभी राहिली. केस पार पांढरे झालेत. एकाच घरात राहून मला ते आज दिसलं. म्हणजे दिसत असेल रोज, मी बघत नव्हते.

मी तयारी करून गेले होते — ती एक बोलली की मी चार ऐकवायचे. "सिमसाठी तुम्ही यायला हवं म्हणतात," मी म्हटलं.

"उद्या दहाला निघू या?"

बस. टोमणा नाही, काही नाही. माझी चार वाक्यं वाया गेली. याला म्हणतात खरा कावेबाजपणा!

शुक्रवार, १२ सप्टेंबर

रस्ताभर मी पुढे, ती मागे. तिचा पाय दुखतो वाटतं. मी वेग कमी केला नाही. थोडा केला.

हसरीने छोटं मशीन पुढे सरकवलं. "आजी, अंगठा ठेवा." आजी! मला मॅडम आणि तिला आजी! इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. पण अंगठा लागेना. दुसरा ठेवला — नाही. दहाही बोटं झाली. "हात पुसून ठेवा ना आजी, रेषाच येत नाहीयेत." येतील कुठून? चाळीस वर्षं कात्री, सुई, गरम इस्त्री. तिने पदराला हात पुसले, परत ठेवले, परत नाही. ओशाळून हसली. मी टेबलाखाली माझी बोटं बघितली. तशीच आहेत.

शेवटी डोळ्यांचं मशीन आणलं. डोळे चालले. मग ओटीपी! तो कुठे आला? दुकानातल्या फोनवर. फोन ह्यांच्या हातात. वरचीने आपल्या फोनवरून लावला. तिच्याकडे आमचा नंबर नुसता "दुकान" म्हणून आहे. अजून! ह्यांनी उचलला. बोलताना मेसेज दिसत नाही म्हणाले. ठेवला. परत लावला तोवर ओटीपी शिळा. नवा मागवला, तर ह्यांनी एक आकडा गाळून वाचला. चौथ्या वेळी जमलं. हसरी हसायची थांबली होती तोवर. तेवढं एक चांगलं काम झालं.

नखाएवढं सिम हातावर ठेवून ती म्हणाली, "जुनं तोडून टाका. नंबर यात येईल, पण जुन्यात सेव्ह केलेलं यात येत नाही."

येत नाही! मग अपग्रेड कशाचं केलंत? वर चढवलं म्हणतात आणि सामान खालीच ठेवतात!

"तोडू नकोस हं ते," वरची मला म्हणाली. आपणहून! "मापं आहेत ना त्यात. जुन्या फोनमध्ये असू दे, त्यातून वहीत उतरवून घे."

मला शिकवते. माझी पद्धत, माझी मापं, आणि ही मला शिकवते! येताना मी मागे होते.

शनिवार, १३ सप्टेंबर

नवं सिम लागलं. पहिला मेसेज कंपनीचाच. "अभिनंदन, प्रिय ग्राहक!" घ्या. मग फोन आला, एका पँटचा. नंबर वाचला.

आता मापं. जुन्या फोनमध्ये जुनं सिम, शेजारी कोरी वही, सकाळपासून हाच धंदा. "कटकट बाही २३" — अजून येते, अजून तशीच आहे. "खोकला कंबर ३८" — हा वारला बहुतेक. पण उतरवला, नसेल वारला तर वाईट दिसेल. "ढेरपोट्या कंबर ४८" — आता बावन्न आहे, दुरुस्त केलं. एखाद्या आगाऊ माणसाने हा फोन उघडला असता तर वस्तीत तोंड दाखवायला जागा उरली नसती.

"द" संपला. मान आखडली आहे. हे विचारतात, चहा टाकू का? टाका की, विचारायचं काय त्यात.

शनिवार, दुपारी

"नवरदेव कोट छाती ४०."

चाळीस. चष्मा पुसून तीनदा बघितलं. टेपवर बेचाळीस होतं, डोक्यात बेचाळीस होतं, फोनमध्ये मी चाळीस लिहिलं. माझ्याच हाताने. तिने ते समोर ठेवून बरोबर चाळीसचा कापला. तिला तेव्हाच माहीत होतं. चार गिऱ्हाइकांसमोर मी खोटी पडू नये म्हणून म्हणाली — राहू द्या भाऊजी.

लाज वाटते आहे. आठ दिवस बोलले मी. नऊ वर्षं बोलले.

ह्यांनी चहा आणला. म्हटलं, अजून एक कप करा. चौदा पायऱ्या आहेत, दोन्ही कप सांभाळून न्यायचे आहेत.