मुक्ताचा मातीचा गणपती

अहो,

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. लग्नानंतर तुम्ही लातूर सोडून कुठं राहिलातच नाही, मग लिहिणार कशाला? आता तुम्हाला जाऊन सात महिने झाले. काल अनंत चतुर्दशी होती, आणि आपल्या घरी यंदा गणपती बसला होता. हे मी लपवणार कुणापासून? म्हणून लिहायला बसले.

रागावू नका. आधी सगळं वाचा.

मी लग्न होऊन आले तेव्हा तुमची एकच अट होती, घरात गणपती बसवायचा नाही. भूकंपात तुमचे आईवडील गेले, नऊ वर्षांची धाकटी बहीण मुक्ता गेली, तेही विसर्जनानंतरच्या पहाटे, एवढं मला माहीत होतं. म्हणून गप्प राहिले. पण नांदेडला आमच्या घरी दहा दिवस काय गडबड असायची! बाबांचं बोट धरून मी गोदावरीवर जायचे. इथं शेजारच्या आरत्या खिडकीत उभी राहून ऐकायचे.

एकदा न विचारता मी वीतभर मूर्ती आणली होती, आठवतं? तुम्ही ओरडला नाहीत. ताट तसंच उचललंत आणि शेजारी देऊन आलात. "दगडाचं काळीज आहे तुमचं," मी म्हणाले. तुम्ही पायात चपला सरकवल्या आणि क्लासला शिकवायला निघून गेलात. त्या शब्दाची माफी मी कधी मागितली नाही.

मग आपली गल्लीच बदलली. घराघरावर मजले चढले, क्लासची पोरं-पोरी राहायला आली, आपणही वरच्या खोल्या मुलींना दिल्या. मंडळाची प्लास्टरची मूर्ती दरवर्षी उंच होत गेली आणि तिच्यामागं स्पीकरच्या भिंती. मांडणीवरची भांडी वाजायला लागली की तुम्ही भर दुपारी अनवाणी अंगणात जाऊन उभे राहायचात. आवाज कमी करा म्हणून सांगायला गेलात, तर "सर, वर्षातून एकदाच तर असतंय" म्हणाले. खरं सांगू? मलाही वाटायचं, एवढं काय त्यात! मी कधी तुमच्याशेजारी येऊन उभी राहिले नाही.

यंदा वरच्या खोलीत आमच्या नांदेडकडच्या लोह्याची शीतल आहे, डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करतेय. चतुर्थीच्या दोन दिवस आधी विचारायला आली, मातीचा गणपती बसवू का. थर्माकोल नाही, रंग नाही, बादलीत विरघळेल असा. मी म्हणाले, वर्ष झालेलं नाही, आणि सरांना चालायचं नाही. ती बरं म्हणाली. दुसऱ्या दिवशी बघते तर अंगणात माती मळत बसलेली. गावाहून येताना पिशवीभर काळी माती घेऊनच आली होती. "नुसता करून ठेवते मावशी. बसवत न्हाई," म्हणाली.

त्याच दुपारी तुमच्या जुन्या गावचे गुंडप्पा शेतातले मूग घेऊन आले. तिला बघितलं आणि पायरीवरच बसले. दिलेलं पाणी तसंच हातात.

"मुक्तीबी अशीच बसायची माती घेऊन," ते म्हणाले. "मास्तर बोलले न्हाईत का कधी?"

मग त्यांनी सांगितलं. त्या वर्षी घरचा गणपती मुक्तानं स्वतः केला होता, विहिरीजवळची माती आणून. विसर्जन थोरल्या भावाच्या हातानं व्हायचं. तुमची क्लासमधली नोकरी नवीन, दुसऱ्या सकाळी लातूरला शिकवायचं, म्हणून संध्याकाळी पाचची बस गाठायची होती. ती म्हणत होती, दिवेलागणीला सगळ्या पोरांबरोबर जाऊ. तुम्ही ऐकलं नाहीत. दुपारीच तिच्या हातातून घेऊन विहिरीत सोडलात. ती भिंतीकडं तोंड करून बसली. एरवी फाट्यापर्यंत पोचवायला यायची, त्या दिवशी आली नाही.

"दुसऱ्या दिवशी मास्तर आले, तर घर कुठलं ते मीच दाखवलं," गुंडप्पा म्हणाले.

इतकी वर्षं एका घरात राहून हे मला गुंडप्पांनी सांगावं? का हो नाही बोललात? मी तुम्हाला दोष दिला असता असं वाटलं का? आणि मी तुम्हाला दगड म्हणाले!

गुंडप्पा गेल्यावर शीतलला म्हणाले, वर नको, खाली पुढच्या खोलीत बसव. समोरच्या काकू म्हणाल्या, वर्षाच्या आत कुणी सण करतं का? मी म्हणाले, सण नाही, एका लेकराचं राहिलेलं काम आहे.

माझ्या दोन जुन्या साड्यांची आरास केली. समोर मुलं अभ्यासाला बसलेली असतात म्हणून वरच्या पाचही पोरी हळू आवाजात आरती म्हणायच्या, नुसत्या टाळ्यांवर. निर्माल्य कढीपत्त्याच्या बुडाशी खड्ड्यात. दहा दिवस मी एकटी जेवले नाही.

काल शीतल म्हणाली, "मावशी, दुपारीच उरकू का? नंतर टेस्ट हाय."

मी म्हणाले, "नको. टेस्ट देऊन या. सगळ्या आल्यावरच."

दिवे लागायच्या वेळी आल्या. अंगणात घंगाळ भरून ठेवलं होतं. शीतलनंच हातानं सोडला. प्रसाद खाऊन पोरी अभ्यासाला वर गेल्या आणि मी तिथंच बसून राहिले. आधी सोंड विरघळली, मग हात. चेहरा बराच वेळ राहिला.

तेवढ्यात मंडळाची मिरवणूक आली. आत भांडी वाजायला लागली, घंगाळातलं पाणी थरथरलं. मी उठून उभी राहिले, अनवाणी, तुम्ही राहायचात तिथंच. त्या आवाजात तुम्हाला ती पहाट ऐकू यायची, हे काल कळलं. शेजारी कुणी नसलं की ते किती मोठं होतं, तेही कळलं.

पुढच्या वर्षी शीतल इथं नसेल. पण घरात मातीचा गणपती येईल, आणि चतुर्थीच्या आधी मंडळाकडं आवाजाचं सांगायला मी स्वतः जाईन. हसले तरी पुन्हा जाईन.

दरवर्षी भूकंपाच्या तारखेला काम आहे सांगून तुम्ही एकटेच जुन्या गावी जायचात. यंदा गुंडप्पांना सांगून ठेवलंय, मी येतेय. तिथं मुक्ताला सांगेन की तुझा भाऊ तुझ्यावर रागावून गेला नव्हता गं, त्याला फक्त बस गाठायची होती.

तुमची,
विजया