गुरूने हरायचं नसतं

१२ जानेवारी १९९७
पुण्याच्या शिबिरातून परत. जपानी तलवारीची जोडीकवायत शिकून आलो. तलवार लाकडी असली तरी नजर पोलादी लागते. माझी आहे. बारामतीत हे शिकवणारा पहिला मीच. माझ्या कराटे क्लासमधला संघपाल जोडीदार. वीज मंडळात ज्युनिअर इंजिनिअर आहे, त्यामुळे शंका फार काढतो.

१५ जानेवारी
सगळा खेळ पायांचा. पुढचा पाय सरकवायचा, मागचा त्याच्यामागे ओढायचा. माझा मागचा पाय स्वतंत्र विचारांचा आहे. त्याला सूट दिली. अंगणात सराव करताना हिने विचारलं, पाय मुरगळला का.

२० जानेवारी
शिबिरात काहीतरी चुकीचं शिकवलंय. म्हणे गुरूने वार करायचा, शिष्याने तो चुकवून उलट वार करायचा आणि गुरूने हरायचं. दर वेळी! फी कोण घेतं? मी सुधारणा केली. शेवटी एक तिरकं पाऊल मागे. आता गुरू वाचतो. संघपाल म्हणाला, मग शिष्याने शिकायचं काय? मी म्हणालो, नम्रता.

२ फेब्रुवारी, सकाळी
ज्योत्स्ना मॅडम आल्या होत्या. इंदापूरच्या शाळेत पीटी शिकवतात, शिबिरातही होत्या. माझे पाय वाकून वाकून बघितले. भारावल्या असाव्यात. मग विचारलं, ही लंगडी कुठून आली? व्हेरिएशन, म्हणालो. त्यांच्या शाळेत आमचं प्रात्यक्षिक ठरलं. उद्यापासून रोज सकाळी सहाला सराव.

३ फेब्रुवारी
थंडी. उद्यापासून.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळी
इंदापूर. स्टेज अरुंद, हे आधी सांगायला हवं होतं. संघपाल पुढे आला. मी तिरका मागे. तो आणखी पुढे, मी आणखी मागे. पुढच्या रांगेतले एक तात्या मोठ्याने म्हणाले, "ह्यो गुरू हाय न्हवं? मग पळतुय कशाला?" त्याच पावलाला स्टेज संपलं.
मॅडमनी हात देऊन उठवलं. हळूच म्हणाल्या, "सर, हरायचंच तर काम होतं तुमचं."
मग त्या माझी तलवार घेऊन संघपालसमोर उभ्या राहिल्या. वार केला आणि हरल्या. टाळ्या थांबेनात. हरणाऱ्या बाईला टाळ्या! इंदापूरकरांना खेळातलं कळत नाही.

२३ फेब्रुवारी
संघपाल एसटीने इंदापूरला गेला, मॅडमच्या क्लासला. माझ्या क्लासमधले बाकीचेही त्याच्याबरोबर गेले. जाताना नीट सांगून गेले, हे मान्य करावं लागेल.
क्लासच्या हॉलमध्ये मी एकटाच. जोडीकवायत पूर्ण केली. एकदाही हरलो नाही.