मोज्यातली कोलाची

टोलीडो, ओहायो
२० जुलै १९८६

ती. रोझालियाआत्यास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तुझ्या हुकमाप्रमाणे फोन न करता पत्र लिहितोय, म्हणजे शेजारच्या आल्बिनाबाईंना सामाईक लाइनवर कान लावून बसायला नको. खोली बरी आहे, फक्त पलंग माझ्या नडगीपाशी संपतो.

इथल्या अमेरिकन फुटबॉलच्या क्लबाने मला टाइट एंड म्हणून घेतलंय खरं, पण टाइट एंड म्हणजे कोण यावर इथल्या दोन मास्तरांचं एकमत नाही. रेटारेटीचे मास्तर म्हणतात, तू रांगेच्या टोकाला उभं राहून समोरचा दांडगा अडवायचा, तेव्हा वीस पौंड वाढव. झेलाझेलीचे मास्तर म्हणतात, तू पळत जाऊन चेंडू झेलायचा, तेव्हा वीस पौंड उतरव. मी सकाळी पहिल्यांच्या पंगतीला नऊ अंडी खातो आणि दुपारी दुसऱ्यांच्या पंगतीला काकडी चघळतो. गुरुवारी वजन झालं. काटा होता तिथेच होता. दोघंही माझ्यावर ओरडले.

त्यात मी नवखा. नवख्याने जुन्याचं सामान वाहायचं ही इथली रीत. माझ्या वाट्याला लुशस पेटवे आलाय. अलाबामाचा आहे, वय चौतीस, अकरा हंगाम टाइट एंड खेळलेला. सराव संपला की त्याचे खांद्याचे पॅड आणि हेल्मेट घेऊन मी टेकडी चढतो, आणि तो रिकाम्या हाताने मागून येत सांगतो की जरा हळू, पॅडना दम लागतो. शिवाय शनिवारी नवख्याने सगळ्यांना खाऊ आणायचा. मी कोपऱ्यावरच्या दुकानातले डोनट आणले. शिळे निघाले. मला चिकटपट्टीने गोलाच्या खांबाला बांधून ते एकेक करून माझ्यावर फेकले. झेलाझेलीचे मास्तर म्हणाले, एकही झेलता आला नाही तुला.

हसू नकोस. टाइट एंडच्या जागा दोनच आहेत. एक वॉलेसची, ती पक्की. दुसरीसाठी मी आणि लुशस. एक सप्टेंबरला यादी लागेल. त्यात नाव नसलं की मी परत आपल्या डुकरांत. तुझ्याशी काय लपवू, फार भीती वाटतेय.

लोभ असू दे, तोल मी सांभाळतोय.

तुझा,
मायलो

---

लिपनिक, नेब्रास्का
२५ जुलै १९८६

चि. मायलो यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दुकानातले डोनट! हावरानेकांचा मुलगा लोकांना दुकानातली भोकं खायला घालतो हे इथे कळलं, तर चर्चच्या स्वयंपाकघरात मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. खांबाला बांधलं ते फार बरं केलं.

सोबतच्या पेटीत पहाटे उठून गोड पीठ फुगवून भाजलेल्या सहा डझन कोलाच्या आहेत, सगळ्या खसखशीच्या. सारण काठोकाठ भरलंय. आल्बिनाच्या कोलाचीत खसखस चष्मा लावून शोधावी लागते, बाकी सगळा बिस्किटाचा चुरा. गेली तीस वर्षं ती शपथेवर नाही म्हणते आणि फादर तिच्यावर विश्वास ठेवतात. असो. दोन मास्तरांपैकी जो खायला सांगतो तो शहाणा, एवढं लक्षात ठेव.

त्या पेटवेपासून मात्र जपून. ज्याची जागा तू घ्यायला निघालास तो तुझं कशाला भलं करेल? त्याला यातली एकही देऊ नकोस. अगदीच तोंड वासून उभा राहिला तर कळव, आल्बिनाच्या पाठवते.

मका डोक्यावर गेलाय. धाकटी डुकरीण व्यायली, नऊ पिल्लं आहेत. तुझ्या खोलीत मी बटाटे पसरलेत, तेव्हा इतक्यात परत यायचा विचारसुद्धा करू नकोस. अंगाची काळजी घे. दाताची जास्त घे.

माझा जीव तुझ्यात आहे, हे वेगळं लिहायला नको.

तुझी,
रोझालियाआत्या

---

टोलीडो
३ ऑगस्ट १९८६

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काल तुझी पेटी उघडली आणि माझे दिवस पालटले. तीनशे पौंडांचे गडी शाळेतल्यासारखे रांगेत उभे राहिले, आणि मधे घुसण्यावरून त्यांच्यात अशी जुंपली की रेटारेटीचे मास्तर म्हणाले, असं मैदानावर का नाही ढकलत? आमचा चेंडू फेकणारा, ज्याचं चित्र शहरातल्या बसवर लावलंय, त्याने शेवटी पेटीतला कागद चाटला. आता मला कुणी बांधत नाही.

तुझी आज्ञा मात्र मोडली. लुशसला दोन दिल्या. एक त्याने डोळे मिटून खाल्ली. दुसरी कुठे गेली ते दिसलं नाही.

तो मला शिकवतोय, आत्या. आपल्याकडे कॉलेजात चार वर्षांत मला चेंडू अकरा वेळा मिळाला, त्यामुळे झेलायच्या आधीच मी पळायला लागतो. लुशसने दहा चेंडूंवर खडूने आकडे लिहिले. तो फेकणार आणि मी झेलताना आकडा मोठ्याने वाचायचा. आकडा वाचलास तर डोळे चेंडूवर राहतील, म्हणाला. पहिल्या दिवशी मी सगळे सात वाचले. काल दहापैकी नऊ बरोबर. मी विचारलं, जागा एक आणि आपण दोघं, मग मला का शिकवतोस? तो म्हणाला, मला ज्याने शिकवलं त्याची जागा मीच घेतली होती, आणि सामान उचल, उशीर होतोय.

उद्या लीगचे डॉक्टर सगळ्यांची लघवी तपासायला येणार आहेत, नशापाणी कुणी करत नाही ना ते पाहायला. त्यात पळावं लागत नाही, तेव्हा तेवढ्यात तरी मी नक्की पास होईन.

नऊ पिल्लांना आणि तुला आठवण.

तुझा,
मायलो

---

टोलीडो
१४ ऑगस्ट १९८६

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

नापास झालो. लघवीत अफू निघाली. माझ्या एकट्याच्या नाही, सव्वीस जणांच्या. वॉलेसच्या, लुशसच्या, बसवर चित्र असलेल्याच्यासुद्धा. पास झाले ते फक्त रांगेत मागे राहिलेले.

लीगच्या साहेबांनी सव्वीस जबाब घेतले आणि सव्वीस जणांनी एकच सांगितलं, मायलोची पेटी. साहेबांच्या शेजारी बसलेल्या प्रयोगशाळेतल्या माणसाने सांगितलं की खसखस हे अफूच्याच झाडाचं बी, भरपूर खाल्लं तर तपासणीत उतरतं. साहेब म्हणाले, असेल, पण त्या पेटीत नुसती खसखस होती कशावरून? एक कोलाची दाखवा, तपासतो. आत्या, कोलाची कुठली? कणसुद्धा उरला नाही. कागद चाटलेला.

पंचवीस जण फसवले गेलेले आणि मी फसवणारा, असं ठरत आलंय. मला मैदानाबाहेर खुर्ची दिलीय. पुरावा मिळाला नाही तर पंचवीस तारखेला माझं नाव खोडणार, आणि मग कुठलाच क्लब मला दारात उभं करणार नाही. दोन्ही मास्तर आता माझ्या वजनाबद्दल काही बोलत नाहीत. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

बटाटे हलवावे लागतील बहुतेक.

तुझा,
मायलो

---

लिपनिक
१८ ऑगस्ट १९८६

चि. मायलो यास,
अनेक आशीर्वाद.

अफू! चार पिढ्या आपण खसखस खातोय. फादरांनी गेल्या ईस्टरला सतरा कोलाच्या खाल्ल्या आणि तरी प्रवचन दीड तास चाललं. तुझ्या साहेबांचं खरं मानलं तर हे गाव बाप्तिस्म्यापासून नशेत आहे. तसं ग्रामसभेचं कामकाज पाहून मलाही कधीकधी शंका येते, पण ते वेगळं.

मी गप्प बसलेली नाही. त्याच पिठाच्या, त्याच सारणाच्या दोन डझन कोलाच्या आजच लीगच्या पत्त्यावर पाठवल्यात. सोबत फादरांचं आणि शेरीफचं पत्र आहे, की रोझालिया हावरानेक हिने आयुष्यात खसखशीखेरीज काही भरलेलं नाही. शेरीफ लिहिताना रडला, त्याला तू झेललेला अकरावा चेंडू आठवला. ही बातमी आल्बिनाला कशी कळली कोण जाणे. ती डबा घेऊन दारात. म्हणाली, तपासायच्याच असतील तर गावातल्या सगळ्यांत चांगल्या तपासा, आणि स्वतःच्या एक डझन माझ्या पेटीत कोंबल्या, नाव-पत्ता चिकटवून. तुझ्यासाठी मी तोंड मिटून घेतलं. माझ्या प्रेमाची याहून मोठी खूण तुला आयुष्यात मिळणार नाही.

बटाट्यांना मी हात लावणार नाही. ते जिथे आहेत तिथेच राहणार. कळलं?

तुझीच,
आत्या

---

टोलीडो
२४ ऑगस्ट १९८६

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सुटलो! पण कसा ते ऐक.

तुझी पेटी पोचली. साहेब म्हणाले, या कोलाच्या निर्दोष असतीलही, पण या नव्या आहेत. त्या दिवशीची हवी. मी खुर्चीत बसून राहिलो. तेवढ्यात लुशस उठला, सूज उतरवायच्या बर्फाच्या यंत्राशी गेला, कोपरापर्यंत हात घातला आणि एक गुडघ्याएवढा मोजा बाहेर काढला. त्या मोज्यात तुझी कोलाची होती, गोठून दगड झालेली. तो अकरा भावंडांत सातवा, त्यामुळे वाट्याला आलेलं सगळं खायचं नाही, एक लपवून ठेवायची, ही त्याची लहानपणापासूनची सवय. ही त्याने यादी लागेल त्या दिवसासाठी ठेवली होती. नाव आलं तर आनंदाने खायची आणि नाही आलं तरी खायची.

साहेबांनी ती चिमट्याने उचलली. लुशस तोंड फिरवून उभा राहिला. पिशवीत घालताना म्हणाला, निदान वास तरी घेऊ द्या.

आत्या, तो गप्प बसला असता तर दुसरी जागा आयती त्याची होती. मी हे त्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला की ती मला खेळून हवी होती, बसून नको, आणि उद्यापासून सामान उचलायला ये, टेकडी चढून माझे खांदे गेले.

सोबत प्रयोगशाळेच्या अहवालाची प्रत जोडलीय. तिसरी ओळ तुझ्यासाठी आहे.

तुझा,
मायलो

---

लिपनिक
२९ ऑगस्ट १९८६

चि. मायलो यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अहवाल मी बुधवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या सभागृहात उभी राहून वाचला. पहिली ओळ, मोज्यातली कोलाची: खसखस भरपूर, इतर काही नाही. दुसरी ओळ, माझ्या नव्या कोलाच्या: खसखस भरपूर. तिसरी ओळ, श्रीमती आल्बिना झेलेनी: खसखस नगण्य, मुख्यतः बिस्किटाचा चुरा. खाली शिक्का आणि डॉक्टरची सही. तीस वर्षं, मायलो! मी तिसरी ओळ दोनदा वाचली, कारण मागच्या बाकावर नीट ऐकू गेलं नसेल. आता गावात कशालाही नगण्य म्हणतात. फादरांनी वर्गणीच्या थाळीत पाहून तेच म्हटलं.

आल्बिना दोन दिवस घराबाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी मीच गेले. एकटीने जिंकून करमत नाही. ती म्हणाली, नवरा गेला तेव्हा पाच लेकरं होती, खसखस परवडत नव्हती, म्हणून चुरा घालायला लागले आणि मग हाताला तीच सवय लागली. हे मला तीस वर्षांत विचारायला सुचलं नाही. मला माझी लाज वाटली.

पेटवेबद्दल मी लिहिलं होतं ते फाडून टाक. यादीचं काय होतं ते लगेच कळव. मी चर्चमध्ये तुझ्यासाठी मेणबत्ती लावली. मग बाहेर आले, परत आत गेले आणि त्याच्यासाठीही एक लावली. आता देवाने काय करायचं ते त्याचं तो बघेल.

तुझी,
आत्या

---

टोलीडो
२ सप्टेंबर १९८६

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

माझं नाव यादीत आहे.

काल सकाळी मी लुशसच्या खोलीत त्याचे बूट पोचवायला गेलो होतो, तेव्हाच दारावर थाप पडली. इथे थाप देणारा माणूस एकच वाक्य बोलतो: क्लबाच्या साहेबांनी बोलावलंय, डावांची वही घेऊन या. वही परत घेतली की नाव कटलं. आम्ही दोघंही उभे राहिलो. त्याने लुशसकडे पाहिलं.

लुशस परत आला तेव्हा मी रडत होतो आणि तो माझी समजूत घालत होता. त्याने वहीच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि म्हणाला की अकरा वर्षांत पाठ झालीय, नेली तर नेली. मग तो सामान आवरायला लागला. मी त्याचे पॅड आणि हेल्मेट उचललं आणि टेकडीखाली त्याच्या गाडीपर्यंत नेलं. मी आता नवखा नाही, यादीत आलेल्याने कुणाचं सामान वाहायचं नसतं. वॉलेस तसं म्हणालाही. मी ऐकलं नाही. लुशस रिकाम्या हाताने मागून आला. या वेळी हळू चाल म्हणाला नाही, कारण मीच हळू चालत होतो.

गाडीत बसल्यावर त्याने काच खाली केली आणि माझ्याकडे एक जुना चेंडू टाकला. मी झेलला. त्याने आकडा विचारला. मी सात म्हणालो. त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. तो इतका हसला की गाडी दोनदा बंद पडली.

त्याचा अलाबामाचा पत्ता खाली लिहिलाय. तुला लागेल असं वाटलं.

तुझा,
मायलो

---

लिपनिक
७ सप्टेंबर १९८६

श्री. लुशस पेटवे यांस,
रोझालिया हावरानेक हिचा स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी मायलोची आत्या. तुमच्याबद्दल मी एकदा वाईट लिहिलं होतं. मायलोने ते तुम्हाला दाखवलं नसेल, तरी माफी मागते.

सोबत चार डझन कोलाच्या आहेत. या खेपेला सारण दुप्पट भरलंय. आता तुमची लघवी तपासायला कोण बसलंय? पोटभर खा. खालचा डबा माझ्या मैत्रिणीचा, आल्बिनाचा. तिनेही खसखस इतकी कोंबलीय की दोन फुटल्या, आणि मी त्या मुकाट्याने तशाच ठेवल्यात.

मायलोच्या खोलीतले बटाटे मी परवा काढले. तो काही इतक्यात येत नाही, पण खोली रिकामी बरी दिसत नाही. पलंग लांब आहे, त्याच्या आजोबांनी त्याच्या मापाचा केलाय. मका काढायला माणसं कमी आहेत आणि संध्याकाळी शाळेतल्या पोरांना चेंडूवरचे आकडे वाचायला शिकवणारं गावात कुणी नाही. बाकी तुमची इच्छा.

आणि हो, सगळ्या खाऊ नका. एक मोज्यात ठेवा. कधी कुणाच्या उपयोगी पडेल सांगता येत नाही.

लोभ जडला आहे, तो तुमच्याकडूनही असावा.

आपली,
रोझालिया हावरानेक