गोल स्पीकर आणि खडूच्या फुल्या

प्रिय ठोंब्या,

फोन सोडून आई पत्र लिहायला का बसली, म्हणून लगेच घाबरून जाऊ नकोस. तब्येत ठणठणीत आहे आणि शिलाईचं दुकान जोरात चाललंय. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, एवढंच. दोन वाक्यं झाली की तुझं सुरू होतं, मग फ्लॅटचं काय? तुमच्या इमारतीत खालच्या मजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या होताहेत, मी इथलं घर-दुकान आवरून तिथे राहायला यावं, आणि हो की नाही ते रविवारपर्यंत कळवावं, हे आता मला तोंडपाठ झालंय. उत्तर याच पत्रात आहे. पण शेवटचं पान आधी वाचायची तुझी जुनी खोड आहे, ती या वेळेपुरती आवर.

आधी एक कबुली देते. वाढदिवसाला तू पाठवलेले ते गोल स्पीकर. चारी बाजूंना सारखा आवाज देतात आई, कुठेही बसून ऐक, असं तू कौतुकाने सांगितलं होतंस. आणि मी दर फोनला म्हणत राहिले, अगदी छान वाजतात हो! धादांत खोटं. ते वाजत नव्हते, कण्हत होते. दोष तुझ्या भेटीचा नव्हता, तुझ्या आईच्या अकलेचा होता. कमरेएवढे उंच, गोल, राखाडी रंगाचे ते खांब बघून मला वाटलं, फुलदाणीसारखे कोपऱ्यात शोभतील. म्हणून बाबांच्या गाण्याच्या खोलीत दोन कोपऱ्यांत भिंतीला टेकवून ठेवले, वर धूळ बसू नये म्हणून दोघांना क्रोशाच्या जाड टोप्या विणल्या, आणि एकावर तर कुंडी ठेवली. आवाज नेमका वरच्या तोंडातून निघून चहूकडे पसरतो, हे मला काय ठाऊक? तीन महिने मी तुझ्या भेटीचं तोंड बांधून ठेवलं होतं. हस, हस. सूनबाईलाही वाचून दाखव.

त्यात त्यांना जोडला होता बाबांचाच तो जुना, काचेच्या नळ्यांचा अॅम्प्लिफायर. आवाज पुरेना म्हणून मी बटण शेवटपर्यंत पिळलं, तर गाणारी वरच्या सुरात गेली की नुसती चरचर. शेवटी एक दिवस बाजारामागच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्यांना बोलावलं. माझ्याच वयाचे असतील. आल्या आल्या पाणीसुद्धा न घेता त्यांनी चारी भिंती बोटाच्या पेराने टकटक वाजवल्या, मग खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली आणि कान देऊन ऐकत राहिले. माझ्याकडची काजेबटणवाली तुला माहीत आहे, तिच्या जिभेला हाड नाही. तिने तिथल्या तिथे त्यांचं नाव टकटक ठेवलं, आणि तेच चिकटलं. टकटकांनी क्रोशाची टोपी अलगद उचलली. मला वाटलं, आता हा माणूस मला हसणार. हसले नाहीत. टाके फार सुबक आहेत म्हणाले, आणि टोपी घडी करून माझ्या हातात दिली.

मग त्यांनी समजावून सांगितलं. बाबांचे जुने स्पीकर सगळा आवाज समोर एकाच दिशेला फेकायचे, त्यामुळे तेवढ्याशा अॅम्प्लिफायरवर भागायचं. हे गोल स्पीकर तोच आवाज चहूकडे वाटतात, म्हणजे प्रत्येक बाजूच्या वाट्याला थोडाच येतो. त्यांना दमदार अॅम्प्लिफायर लागतो. आणि मोकळी जागा लागते, कारण दहा बाय दहाच्या खोलीत आवाज सगळ्या भिंतींवर आपटून परत येतो आणि त्याचा नुसता गोंगाट होतो. मी म्हटलं, म्हणजे मोठ्या घेराचा झगा आणि कापड ब्लाउजपुरतं, असंच ना? ते माझ्याकडे बघतच राहिले. चाळीस वर्षं हे लोकांना समजावतोय, म्हणाले, इतक्या चटकन कुणाला कळलं नव्हतं. खरं सांगू? मी लाजले. या वयात.

आणि मग त्यांनी विचारलं, तुम्ही कुठे बसून ऐकता?

अरे, ती खोली तुला आठवते ना? दोन स्पीकर, समोर बाबांची खुर्ची, आणि खुर्चीच्या पायांपाशी जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा. झाडताना खुर्ची चार बोटं सरकली की बाबा माझीच मापाची टेप घेऊन ती पुन्हा जागेवर आणायचे, कारण आवाज तेवढ्या एकाच जागी नीट जुळायचा. तू त्यांच्या मांडीवर. मी स्वयंपाकघरात, नाहीतर मशीनवर. बाबा तिथून ओरडून विचारायचे, ऐकलंस का गं? मी म्हणायचे, हो हो, ऐकलं! माणूस प्रेमळ होता, मला त्यांच्याबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. पण त्या खुर्चीत मी कधी बसले नाही, आणि बस असं म्हणायचं कुणालाही सुचलं नाही. मलासुद्धा नाही.

मी टकटकांना म्हटलं, मी बसत नाही, मी दिवसभर उभी असते. ते म्हणाले, मग उभ्या कुठे असता ते दाखवा. मी बाहेरच्या हॉलमध्ये गेले, कापडावर खुणा करायचा खडू घेतला आणि जमिनीवर फुल्या मारत सुटले. कापायचं टेबल, दोन्ही मशीन, इस्त्री, कापडाची फळी, गिऱ्हाइकाचं माप घ्यायचा आरसा, खिडकी. असं करत करत अकरा फुल्या झाल्या. त्यांनी त्या नीट मोजल्या आणि म्हणाले, स्पीकर इथेच यायला हवेत. हॉल अठरा बाय चोवीस, छत उंच, आणि दोन भिंतींना कापडाचे तागे लागलेले, ते घुमणारा आवाज पिऊन टाकतात. माझा पसारा कामाला आला बघ! त्यांनी दोन्ही स्पीकर भिंतींपासून चांगले तीन-तीन फूट पुढे ओढले. एक अॅम्प्लिफायर चाळीस वॉटचा आणला, तो बरा वाजला, पण मशीनी सुरू झाल्या की तबल्याचा ठेका पार गळून जायचा. मग शंभर वॉटचा आणला, इतका जड की आम्ही तिघांनी मिळून टेबलावर चढवला. बटण निम्म्यावरसुद्धा न्यावं लागलं नाही.

ठोंब्या, मी फुलीवरून फुलीवर चालत गेले. इस्त्रीपाशी तेच गाणं, आरशापाशी तेच, अगदी पाठ फिरवून ताग्यांकडे तोंड केलं तरी तेच. गाणं माझ्यामागून घरभर येत होतं. मी हातात कात्री घेऊन ढसाढसा रडले. काजेबटणवालीने घाबरून गाणंच बंद केलं, तेव्हा तिला रागावून पुन्हा लावायला सांगितलं.

तेव्हापासून टकटक दर गुरुवारी येतात. आधी तार बदलायला आले, मग स्पीकर दोन बोटं वळवायला आले. गोल वस्तू वळवून काय होणार, हे न कळण्याइतकी मी खुळी नाही. पण मी चहा टाकला. त्यांची बायको जाऊन अकरा वर्षं झाली, बाबांना सहा. एका गुरुवारी कामाचं निमित्त संपलं, तरी ते आले, आणि निमित्त संपलंय असं स्वतःच सांगून टाकलं. मला त्यांचा तो सरळपणा आवडला. मला ते आवडतात. हे लिहिलंय ते खोडणार नाही.

तर हे तुझं उत्तर. नाही, मी फ्लॅटमध्ये येत नाही. त्या खोल्या या स्पीकरांना पुरायच्या नाहीत, आणि आता आम्हा दोघांनाही पुरायच्या नाहीत. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही नोंदणी करून लग्न करतोय. तुझा राग मला सोसेल, पण तू आला नाहीस तर ते सोसणार नाही, म्हणून फोन न करता हे सगळं लिहिलं. बाबांची खुर्ची मी हलवली आहे, तेही तुला माझ्याकडूनच कळावं. तिला नवं कापड लावून ती हॉलमध्ये आणली, खिडकीपाशी. ती कुणाची, असं टकटकांनी विचारलं, आणि तुझे बाबा कसे होते, तू त्यांच्या मांडीवर कसा बसायचास, ते सगळं मी सांगितलं. मग त्यांनी माझा खडू मागून घेतला आणि खुर्चीसमोर जमिनीवर बारावी फुली मारली. म्हणाले, मुलगा येईल तेव्हा त्याला इथून कसं ऐकू येतं ते बघायला हवं. काजेबटणवाली रोज झाडते, पण त्या फुलीला वळसा घालून. ये रे बाळा. येऊन बस आणि सांग, नीट ऐकू येतंय का.

तुझीच,
अकरा फुल्यांवरची आई