ढगांच्या वॉर्डातून

तीर्थस्वरूप मामा,

गादीवर बसून केलेला नमस्कार पोचतो की नाही ठाऊक नाही, तरी करते. गुडघा काय म्हणतो? मामींनी सांगितलेलं पथ्य तुम्ही पाळता, की त्याच पाळतात? मी सुखात आहे. जरा जास्तच, ते का ते पुढे.

तुम्ही विचारलंत, डॉक्टर होऊनही ज्यांना पुढच्या शिक्षणाची जागा मिळत नाही, ती मुलं जातात कुठे? आमच्यातला एकजण विम्याचे कागद तपासतो, एकजण जहाजावर गेला. तिसऱ्यांदा यादीत नाव दिसलं नाही, तेव्हा मी गाद्यांच्या दुकानात लागले (चौथा अर्ज भरलाय, काळजी नसावी). दुकान लांबलचक, पांढरंशुभ्र. दुपारचं ऊन एकेका गादीवर जरा टेकून पुढे सरकतं. गिऱ्हाइकं चपला काढून आडवी होतात, डोळे मिटतात आणि न विचारता पाठ, पोट, सून सगळं सांगतात. ओपीडीत एवढं निवांत कुणाचं ऐकलं नव्हतं. मला वाटतं, मी ढगांच्या वॉर्डात राउंड घेतेय.

गेल्या महिन्यात एक निवृत्त पोस्टमास्तर लेकीबरोबर आले. गादी टोचते म्हणून पंधरा दिवस खुर्चीतच झोपत होते. आमच्या सगळ्यात मऊ गादीवर निजले आणि मिनिटभरात धापा टाकत उठून बसले. मी सुजलेल्या पायावर बोट दाबलं, तर खळगा तसाच राहिला.

"काका, गादी नका घेऊ," मी म्हटलं. "टोचतंय ते गादीत नाही. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात जा, हृदय दाखवा."

मालक मागेच उभे होते. त्यांनी मला शब्दानं दुखावलं नाही, फक्त उशांच्या कोपऱ्यात पाठवलं (आमच्याकडे ती पदावनती). दहा दिवसांनी लेक आली. फुप्फुसात पाणी झालं होतं, वेळेवर नेलं म्हणून निभावलं. वडील आता आडवे झोपतात, तेव्हा तीच गादी द्या म्हणाली. मी उशांच्या मागे जाऊन रडून घेतलं. बाहेर आले तर मालक डावा खांदा पुढे करून उभे. म्हणे, बरेच दिवस दुखतोय.

तुमची भाची

ता. क. : आईला वाटतं, मी दिवसभर वाचनालयात अभ्यास करते. रविवारी तुम्ही तिला गादी घ्यायला ज्या दुकानात नेणार आहात, ते हेच. कृपया दुसरीकडे न्या.

ता. क. २ : नको, इथेच आणा. फक्त तिला आधी आडवी होऊ द्या, मग मी समोर येते. निजल्या निजल्या रागावणं कुणालाच नीट जमत नाही.